भिंतीवरील कोळी आणि मनुष्याची सत्ता

(वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती १:२४-३१, नीतिसूत्रे ३०:२४-२८, प्रेषितांची कृत्ये १०:९-३५)



गेल्या पावसाळ्यात रोहे तालुक्यातील एका लहान मंडळीत उपासनेसाठी गेलो असता माझ्या हातून एक कृत्य घडले. ते सांगण्यास मला संकोच वाटतो. तथापि त्या कृत्याने जो प्रश्न माझ्यापुढे उभा केला, तो आपणा सर्वांच्या विचारास योग्य आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

उपासनेस अद्याप थोडा अवकाश होता. प्रार्थनागृहाला लागून असलेल्या खोलीत मी गीतांची पुस्तके काढीत होतो, तोच भिंतीवर तळहाताएवढा एक करडा कोळी दिसला. पावसाळ्यात आपल्या घरांत दिसतो, जाळे न विणता भिंतीवरून सरसर धावतो, तोच हा. त्याच्या पोटाखाली रुपयाएवढी एक पांढरी चपटी चकती होती. माझ्या अंगावर काटा आला. पुढे काय केले ते सांगावयास नको; वहाण पायात होतीच. कोळी खाली पडला, चकती फुटली, आणि तिच्यातून केसराएवढी असंख्य पिले जमिनीवर पसरली. मागे वळून पाहतो, तो उंबऱ्यात आमच्या उपदेशकांचा नऊदहा वर्षांचा मुलगा उभा.

तेव्हा तो काहीच बोलला नाही. उपासना संपल्यावर त्यांच्या घरी चहा घेत असता मात्र त्याने विचारले, "पाळकसाहेब, देवाने सर्व प्राणी केले आणि ते त्याला चांगले दिसले, असे तुम्हीच आम्हांला शब्बाथशाळेत शिकवले ना? मग ती कोळीण त्या चांगल्यांत नव्हती काय?" त्याचे वडील त्याला दटावू लागले. मी त्यांना थांबवले. परंतु त्या लेकराला द्यावयास माझ्यापाशी उत्तर नव्हते. सेमिनरीत सृष्ट्युत्पत्तीवरची व्याख्याने मी ऐकली होती, परीक्षाही दिली होती. पण एका कोळिणीविषयीच्या साध्या प्रश्नाला त्यांतले एकही वाक्य उपयोगी पडेना.

इतक्यात मुलाची आई म्हणाली, "पाळकसाहेब, ह्यालाच काही सांगा. हा कोळी पाळतो! लोणच्याची बरणी अडवून बसला आहे." मुलाने बरणी आणून दाखवली. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली, तळाशी गवत, आणि काचेवर बोटाच्या नखाएवढा एक उड्या मारणारा कोळी. मी वाकून पाहू लागताच तो कोळी गर्रकन वळला आणि आपल्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहू लागला. मुलाचा चेहरा उजळला. "हा तिसरा," तो म्हणाला, आणि मग मान खाली घालून, "आधीचे दोन मेले. एकाची बरणी उन्हात राहिली. दुसऱ्याला पाणी लागते हे मला ठाऊक नव्हते."

म्हणजे त्या घरात आम्ही दोघे अपराधी बसलो होतो. मी किळसेने मारले होते. त्याने प्रीतीने मारले होते. कोळी मात्र दोहींकडे मेलेच होते. यास्तव प्रश्न दोन आहेत. ज्या क्षुद्र जिवाची आपणांस किळस वाटते, त्याला मारून टाकण्याचा आपणांस अधिकार आहे काय? आणि ज्याची आपणांस आवड वाटते, त्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार आहे काय? दोहींच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न आहे : देवाने मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिली, ती कशासाठी?

प्रथम हे जीव कोण, ते पाहू. कोळ्याला पाय आठ; शरीराचे भाग दोन. मुंगी, टोळ, मधमाशी ह्यांना पाय सहा आणि शरीराचे भाग तीन. विंचू, गोचीड व मृगाचा किडा हे आठ पायांचे, म्हणून कोळ्याचे भाऊबंद. घोण आणि वाणी पुष्कळ पायांचे. ह्या सर्वांची हाडे आत नसून कवच बाहेर असते, पाय सांध्यांसांध्यांचे असतात, आणि वाढताना ते जुने कवच टाकून नवे धारण करतात. ह्याच मोठ्या कुळात खेकडा, चिंबोरी आणि कोळंबीही येतात. पेणच्या बाजारात जी चिंबोरी आपण उलटीपालटी करून, भरलेली पाहून घेतो, ती भिंतीवरच्या कोळ्याची दूरची नातलग आहे! ताटात जे रूप आपणांस रुचकर वाटते, तेच भिंतीवर किळसवाणे वाटते; ह्यावरून किळस पुष्कळदा त्या जिवात नसून आपल्या सवयीत असते, हे उघड होते.

कोळ्यांच्याच जाती शास्त्रज्ञांनी आजवर पन्नास हजारांहून अधिक मोजल्या आहेत, त्यांपैकी अठराशेंहून अधिक आपल्या देशात आहेत. १९०० साली रेजिनाल्ड पोकॉक ह्या इंग्रज पंडिताने हिंदुस्थानातील कोळी, विंचू इत्यादिकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतरही नव्या जाती सापडतच आहेत. सह्याद्रीच्या ओल्या रानात पावसाळ्याच्या अखेरीस दोन झाडांच्या मध्ये मोठे सोनेरी जाळे ताणून बसणारी कोळीण पुष्कळांनी पाहिली असेल. तिचा नर तिच्यापुढे इतका लहान की तो तिचे पिलू वाटावा. जाळ्याचे आडवे उभे ताण कोरडे असतात व फेऱ्यांचे धागे चिकट असतात. विणणारीण कोरड्यावर पाय ठेवते. पुष्कळ जाती जुने झालेले जाळे स्वतःच खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यातून नवे विणतात. वजनास वजन धरले तर तो धागा पोलादाहून बळकट भरतो. हे कौशल्य तिला कोणत्या शाळेत मिळाले? शलमोन राजाच्या ज्ञानाचे वर्णन करताना शास्त्र सांगते की तो झाडांविषयी, पशुपक्ष्यांविषयी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीही बोलत असे (१ राजे ४:३३). ज्या विषयावर बोलणे त्या राजाला कमीपणाचे वाटले नाही, तो विषय आपणांस हलका का वाटावा?

आमच्या भाषेची एक गंमत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. जाळे विणून बसणाऱ्या ह्या जिवाला आम्ही कोळी म्हणतो, आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या माणसालाही कोळीच म्हणतो. धरमतरच्या खाडीवरचा कोळी जाळे टाकतो आणि वाट पाहतो. भिंतीच्या कोपऱ्यातला कोळीही जाळे टाकतो आणि वाट पाहतो. दोघांचेही पोट त्यांच्या हाती नाही. जे येईल त्यावर त्यांचा निर्वाह. आमच्या पूर्वजांनी हे साम्य पाहिले आणि एकच नाव दिले. प्रभूचे पहिले शिष्य जाळी धुणारे व सांधणारे होते, हे स्मरणात ठेवणाऱ्याला ह्या नावात काही हिणकस दिसू नये.

कोणी म्हणेल, "पण शास्त्रातच कोळ्याच्या जाळ्याची निंदा आहे." ईयोबाच्या पुस्तकात ढोंग्याच्या आशेला कोळ्याच्या घराची उपमा दिली आहे (८:१४), आणि यशया म्हणतो की दुष्टांच्या जाळ्यांची वस्त्रे होणार नाहीत (५९:५,६), हे खरे. परंतु नीट वाचावे. तेथे दोष कोळ्याला दिलेला नाही. माशी धरण्यासाठी केलेल्या धाग्यावर जो मनुष्य आपल्या आत्म्याचा भार टाकतो, त्याला दिलेला आहे. वाळूवर घर बांधणाऱ्याला प्रभूने मूर्ख म्हटले, म्हणून वाळू पापी ठरत नाही. उलट नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात चार लहान परंतु शहाण्या प्राण्यांची नावे दिली आहेत. त्यांत मुंगी आणि टोळ हे दोन ह्याच कुळातले. चौथ्या प्राण्याच्या जागी आपल्या मराठी शास्त्रात पाल आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात मात्र त्याच ठिकाणी कोळी होता. मूळ इब्री शब्दाचा अर्थ पाल असाच आज विद्वान बहुधा करतात. तो वाद त्यांच्याकडे ठेवू. बोध एकच आहे : जो हाताने सहज धरता येतो, असा जीव राजवाड्यात राहतो, आणि देवाचे वचन मनुष्याला त्याच्याकडे शिकावयास पाठवते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ह्या जिवांस निष्कारण मारू नये असे म्हणण्यास पहिले कारण लोक देतात ते उपयोगाचे, आणि ते खोटे नाही. पेण आणि रोहे हे भाताचे तालुके. भातावर तपकिरी तुडतुडे पडले म्हणजे शेत जागोजाग करपल्यासारखे होते. ह्या तुडतुड्यांचा मोठा शत्रू म्हणजे चुडांच्या बुंध्याशी फिरणारा, जाळे न करणारा लांडगा-कोळी. भारी औषध फवारले की कोळी आधी मरतो. तुडतुड्यांची अंडी पानाच्या देठात दडलेली असतात, ती वाचतात. आणि राखणदार मेलेल्या शेतात ती पिले निर्भयपणे वाढतात. हे अनुभवाने कळल्यावर १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणे जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला चाळीस ते ऐंशी कोटी टन भक्ष्य खातात, व त्यांतील बहुतेक कीटकच असतात. ज्या कोळिणीला मी मारले, तिची जात घरातील झुरळांवर जगते आणि माणसाला सहसा चावत नाही. पावसाळ्यात अंगावर पाण्याचे फोड उठले की आपण "कोळी चावला" म्हणतो. परंतु पुष्कळदा ते दिव्यावर येणाऱ्या एका लहानशा तांबड्याकाळ्या किड्याचे काम असते. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील द्रवाने कातडी भाजते. म्हणजे ह्या खटल्यात निरपराध्याला शिक्षा देण्याचीच आपली रीत झाली आहे.

तथापि ख्रिस्ती मनुष्याने केवळ उपयोगापाशी थांबू नये. उपयोग हेच जर मोलाचे माप असेल, तर ज्याचा उपयोग आपणांस दिसत नाही त्याला चिरडण्यास मोकळीक झाली. आणि हे माप हाती घेतलेला मनुष्य ते किड्यांपुरतेच ठेवतो असे नाही. ते पुढे म्हाताऱ्या बैलाला लावतो, त्यापुढे म्हाताऱ्या आईलाही लावतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा क्रम पाहा. पृथ्वीवर रांगणारे जीव देवाने निर्माण केले, आणि ते चांगले आहेत असे त्याने पाहिले, ते २५ व्या ओवीत. मनुष्य येतो तो त्यानंतर. ज्या वेळी हे जीव चांगले ठरले, त्या वेळी त्यांचा उपयोग करून घेणारा, त्यांना पाहून आनंद करणारा किंवा त्यांची किळस करणारा असा कोणीही मनुष्य पृथ्वीवर नव्हता. म्हणून त्यांचे चांगुलपण आपल्यापासून आलेले नाही, आणि आपल्या किळसेने ते नाहीसेही होत नाही. ते त्यांच्या निर्माणकर्त्याच्या दृष्टीत आहे. त्या लेकराच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते : होय, ती कोळीण त्या चांगल्यांत होती.

मग सत्ता दिली तिचे काय? सत्ता दिली हे खरे. पण सत्ता म्हणजे काय, हे आपण प्रभूपासून शिकावयाचे, की गावच्या जुलमी सावकारापासून? ज्या प्रभूकडे सर्व सत्ता आहे, त्याने ती शिष्यांचे पाय धुण्यात दाखवली. दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात आणि तरी त्यांतली एकही पित्याच्या नजरेआड पडत नाही, असे त्यानेच सांगितले. ज्याचा हिशोब दमडीपर्यंत जातो, त्या धन्याचे आपण कारभारी आहो. मालकाच्या वाड्यातील एखादी वस्तू आपणांस आवडत नाही म्हणून ती फोडून टाकणाऱ्या कारभाऱ्यास काय म्हणावे?

येथे मी आपल्या बंधुभगिनींस एक जिव्हाळ्याची गोष्ट सांगू इच्छितो. आपणांपैकी पुष्कळांच्या आजोबापणजोबांस ठाऊक होते की आपली सावली पडली तर समोरचा मनुष्य मागे सरतो. त्यांनी काय केले होते? काहीच नाही. त्यांच्याविषयी कोणी विचारपूस केली नव्हती; केवळ किळस शिकवली गेली होती, बापाकडून मुलाला, विहिरीवर आणि देवळाच्या दारात. मी माणसाची तुलना कोळ्याशी करीत नाही. तसे करणे हा आपल्या वडिलांचा अपमान होईल, आणि मनुष्य देवाच्या प्रतिमेचा आहे. मी इतकेच म्हणतो की किळस ही कशी शिकवली जाते, आणि ती न्यायनिवाडा न करता कशी मारते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? पेत्राला यापो येथे धाब्यावर दर्शन झाले, तेव्हा आकाशातून उतरलेल्या त्या मोठ्या चादरीत चतुष्पाद आणि पाखरे ह्यांच्याबरोबर सरपटणारे जीवही होते. पेत्राला त्यांची शिसारी आली. देवाने त्याला तीनदा बजावले. आणि खाली उतरल्यावर त्याला कळले की धडा कर्नेल्याच्या माणसांविषयी होता. म्हणजे कोणत्याही मनुष्याला निषिद्ध म्हणू नये हे शिकवताना देवाने ज्यांच्यापासून मन मागे सरते अशा जिवांचाच उपयोग केला. जो आपल्या किळसेला एका ठिकाणी आवरण्यास शिकतो, त्याला दुसऱ्या ठिकाणी ती आवरणे सोपे जाते. आपल्या मंडळीतही अजून अमक्याच्या घरचे पाणी नको, तमक्याच्या वस्तीवर प्रार्थनेस जाणे नको, असे कुजबुजणारे आहेत. कातकऱ्यांच्या वाडीवर जाताना ज्यांचे पाऊल जड होते, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

आता आक्षेप ऐकू. पहिला : "विंचवाचे काय? घरात लेकरेबाळे आहेत." हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी हलके लेखत नाही. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने कित्येक घरांतील दिवा विझला आहे. जो जीव लेकराच्या अंथरुणाशी आला आहे त्याला मारणे हे पाप नव्हे. खारभूमीचे बांध पोखरणाऱ्या खेकड्याला हुसकणे हेही पाप नव्हे. प्राण रक्षणे हे कारभाऱ्याचे कर्तव्यच आहे. परंतु हेही पाहावे की पिढ्यान्‌पिढ्या विंचू मारून आणि मंत्र घालून मृत्यू थांबले नाहीत. ते कमी झाले, ते एकाने विंचवाच्या विषाचा कसून अभ्यास केला म्हणून. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात आले. विंचू चावलेले रोगी हृदय व फुप्फुसे निकामी होऊन दगावतात हे त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, लिहून ठेवले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे औषध त्यावर लागू पडते असे दाखवले. १९८६ साली लंडनच्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रात त्यांचा लेख आला. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरांतील तीसचाळीस रोगी दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. भीतीने जे साधले नाही, ते लक्षपूर्वक पाहण्याने साधले. म्हणून विंचू चावल्यास मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आणि अंधारात वहाणा झाडून पायात घाला. ह्याही गोष्टी शुभवर्तमानाच्या सेवेतच मोडतात.

दुसरा आक्षेप आपल्या उपदेशकांकडून येतो : "हे नागपूजेकडे परत जाणे नव्हे काय? ज्या किड्यामुंग्यांच्या भयातून व पूजेतून आपण बाहेर आलो, त्यांचाच आदर करावयाचा?" नव्हे. जो सृष्टीला निर्माणकर्त्याच्या जागी बसवतो तो चुकतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. परंतु त्या चुकीवर उपाय म्हणून सृष्टीला पायाखाली तुडवणे ही दुसरी चूक होय. चित्रकाराला सोडून चित्राला नमस्कार करणारा वेडा. आणि चित्रकाराच्या देखत चित्र फाडणारा, तो शहाणा काय? शेजारच्या गावात कोणी नागाला दूध दाखवीत असेल. त्याच्याशी भांडू नका. त्या सापाच्या निर्माणकर्त्याला तुम्ही ओळखता, हे आपल्या वागणुकीने दिसू द्या.

तिसरा आक्षेप गरिबाचा आहे : "आमच्याच पोराबाळांस पुरत नाही, तेथे किड्यांचा विचार कोठून करावा?" ह्याचे उत्तर सोपे आहे. ह्या दयेला पैसा लागत नाही. कोळ्याला दाणा घालावा लागत नाही, गोठा लागत नाही. वाटीने झाकून, खाली कागद सरकवून त्याला परसात नेऊन सोडावे, एवढाच खर्च. आणि गरिबाच्या घरात फुकट मिळणारे आश्चर्य म्हणजे हेच. श्रीमंताच्या मुलाला खेळणी विकत घ्यावी लागतात.

आता दुसरा प्रश्न : पाळावे काय? ही आवड आपल्याकडे नवी नव्हे. मृग नक्षत्र लागले, पहिला पाऊस पडून गेला, की मातीतून मखमलीसारखे तांबडे मृगाचे किडे वर येतात, आणि पोरे त्यांना काडेपेटीत गवत घालून ठेवतात. आपणही ठेवले असतील. मी ठेवले आहेत. बोट लावताच पाय आखडून गप्प बसणारा तो जीव तळहातावर घेताना जो आनंद झाला, तो पापाचा होता असे मला वाटत नाही. आदामाने प्राण्यांस नावे ठेवली, तेव्हा तो त्यांच्याकडे किती निरखून पाहत असेल! परंतु आठवून पाहा, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी त्या पेटीत काय असे? वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढून थोडे दिवस वर आलेला तो जीव आपल्या पेटीत वाळून जाई.

प्रीती आणि हाव ह्यांचे वस्त्र पुष्कळदा एकाच रंगाचे असते. प्रीती विचारते, "तुला काय पाहिजे?" हाव म्हणते, "तू मला पाहिजेस." परदेशांत, आणि आता आपल्या शहरांतही, काचेच्या पेटीत मोठे केसाळ कोळी हौसेने पाळणारे लोक आहेत. त्यांतील पुष्कळ जण त्या जिवाची ऊब, ओल, अन्न ह्यांचा मनापासून अभ्यास करतात. त्यांची मी थट्टा करीत नाही. परंतु ह्या हौसेपायी आपल्या व सिंहलद्वीपाच्या रानांतील झाडांच्या ढोल्यांत राहणारे नक्षीदार टॅरँट्युला इतके पकडून विकले जाऊ लागले की २०१९ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत त्यांच्या सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत घालाव्या लागल्या. आपल्या देशातही २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन अशा यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करणे आवश्यक झाले आहे. फणसाडच्या अभयारण्यात किंवा आसपासच्या रानात जाऊन कोणी शहरी मनुष्य पैशाचे आमिष दाखवून असे जीव आणावयास सांगेल, तर आपल्या तरुणांनी त्यास स्पष्ट नकार द्यावा.

मग प्रीतीचा मार्ग कोणता? मला एका ऑस्ट्रेलियन बाईंचे उदाहरण फार आवडते. बार्बरा यॉर्क मेन ह्या विदुषीने १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका रानात बिळात राहणाऱ्या कोळ्यांची पाहणी सुरू केली आणि प्रत्येक बिळापाशी अंकाची खूण रोवली. त्यांतील १६ व्या अंकाची कोळीण एकाच बिळात ४३ वर्षे जगली. जगात ठाऊक असलेल्या कोळ्यांत एवढे आयुष्य दुसऱ्या कोणाचे नाही. २०१६ साली तिचे बीळ उद्ध्वस्त झालेले आढळले. गांधीलमाशीच्या जातीच्या एका कीटकाने तिचा घात केला होता. ह्या सर्व वर्षांत तिला कोणी बरणीत घातले नाही. त्या बाई म्हातारपणापर्यंत तिच्या दारी जात राहिल्या. पाळणे ह्या शब्दाचा खरा अर्थ हाच असावा : दुसऱ्याला त्याच्या जागी राहू देऊन त्याची खबर घेणे. मंडळीच्या पाळकाने तरी दुसरे काय करावयाचे असते?

ज्या मुलांना जवळून पाहावयाचे आहे त्यांना मी मना करणार नाही. एक दिवस ठेवा, सावलीत ठेवा, कापसाच्या ओल्या बोळ्याने पाणी द्या, अंडी किंवा पिले पाठीवर घेतलेल्या आईला धरू नका, विंचू व घोण ह्यांना हात लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी जेथून उचलले तेथेच नेऊन सोडा. उपदेशक बंधूंना माझी विनंती आहे की भाद्रपदात एखाद्या रविवारी सकाळी शब्बाथशाळेचा वर्ग बांधावर भरवावा. दव पडलेले असते, उन्हाची तिरीप आलेली असते, आणि प्रत्येक गवताच्या काडीवर एकेक जाळे चकाकत असते. तेथे १०४ वे स्तोत्र वाचावे. व्याख्यान कमी करावे. मुलांना पाहू द्यावे.

थोड्या महिन्यांनी मी पुन्हा त्या गावी गेलो. बरणीत मीठ भरलेले होते आणि आई समाधानी दिसली. मुलाने मला हात धरून परसात नेले. जास्वंदीच्या झाडावर, आठ पाय फुलीसारखे जोडीजोडीने धरून, जाळ्याच्या मध्यभागी एक कोळीण बसली होती. तो म्हणाला, "ही माझी. रोज शाळेत जाण्याआधी बघतो. परवा पावसाने जाळे मोडले. तिने रात्रीत नवे केले." मी त्याची क्षमा मागितली. कशाची, हे त्याला समजले.

त्या दिवशीही प्रार्थनागृहाच्या खोलीत भिंतीवर एक करडा कोळी होता. खरे सांगावयाचे तर अंगावर काटा आलाच. चाळिशी उलटलेल्या मनुष्याची सवय एका पावसाळ्यात जात नाही. मी पुस्तके घेतली, दिवा जरा बाजूला केला, आणि त्याला त्याच्या जागी ठेवून उपासनेस गेलो. तो आपल्या कामाला होता, मी माझ्या कामाला निघालो. आणि दोघांचा धनी एकच होता.

आपली सत्ता त्या धन्याला शोभेल अशा रीतीने चालवण्याची बुद्धी तो आपणा सर्वांस देवो, हीच प्रार्थना.